सातव्या सुईची खोड

कामठ्यात कुणाच्या घरी मशीन आलं की लोक पेढे खातात आणि ते जायला निघालं की सल्ले देतात. रेणूचं एम्ब्रॉयडरी मशीन आज एक्स्चेंजमध्ये जाणार म्हणून सकाळपासून इतके सल्ले जमा झाले होते, की ते विकले असते तर नवीन मशीन रोखीने आलं असतं.

नवीन मशीन दोन हेडचं, म्हणजे एकाच वेळी दोन कापडांवर चालणारं. ते आलं तरच गोंदियाच्या एका शाळेच्या गणवेशावरच्या बिल्ल्यांचं वर्षभराचं काम रेणूला मिळणार होतं, आणि होकार की नकार ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बँकेने आपला वाटा मंजूर केला होता. उरलेला वाटा म्हणजे जुन्या मशीनचे दीड लाख. दीडच्या खाली व्यवहार गेला तर रेणूला पुन्हा ब्लाउजच्या बाह्यांवर मोर काढत बसावं लागणार होतं. मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे, याबद्दल तिला अलीकडे फार वाईट वाटू लागलं होतं.

नवरा प्रफुल कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. त्याने शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे मोबाइलवर, मशीनचा भाव काढला होता. मोबाइलने सुरतेचा भाव सांगितला. सुरत कामठ्यापासून किती लांब आहे, ते सांगितलं नाही.

अडचण एकच होती. मशीनला नऊ सुया आणि त्यातल्या सातवीवर दोरा टिकत नसे. दोन पाकळ्या काढल्या की तुटे. रेणू ती सुई वापरतच नसे.

"शोरूमवाला आला की सातवीचं नाव काढायचं नाही," प्रफुल म्हणाला. "विचारलं तरच सांगू."

"अन् नाही विचारलं तं?" ओसरीतून आवाज आला.

आवाज सासऱ्यांचा, हिरालालचा. उभा जन्म त्यांनी बैलबाजारात दलाली केली होती. आता बाजारात बैलांपेक्षा दलाल जास्त दिसतात म्हणून ते घरी बसले होते. पण बाजाराचे कायदे त्यांनी घरी आणले होते. पहिला कायदा : बैल विकला तरी त्याचं दावं द्यायचं नाही, नाहीतर गोठ्याची बरकत त्याच्यासोबत जाते. ओसरीतल्या खुंटीवर अशी विकलेल्या बैलांची दावी लटकत होती. दुसरा कायदा : सौद्याआधी खोड सांगायची.

"न सांगतलेली खोड बैलासंगं वापस येते," ते म्हणाले, "अन् येतानी सारा बाजार दारात आणते."

हिरालाल काही हरिश्चंद्र नव्हते. बैलाला तीन खोडी असल्या तर त्यातली सगळ्यात गरीब खोड ते सांगत. 'पाणी जास्त पिते जी' एवढं सांगून त्यांनी एकदा शिंगं मारणारा बैल विकला होता. पण एक तरी खोड सांगायचीच, त्यात माघार नव्हती.

"मामाजी, हा बैल नाही," रेणू हात जोडून म्हणाली. "आजचा दिवस काही बोलू नका."

"मी कायले बोलू? मी तं मुकाच आहो."

हे ऐकून ती जास्तच घाबरली.

दुपारी शोरूमचा वीरेंद्र पिकअप घेऊन आला. जुन्याचा भाव ठरवणाराही तोच आणि नवीन विकणाराही तोच. नवीन मशीन खोक्यासकट गाडीतच होतं. उघड्या दारातून ते रेणूला दिसत राहील, अशी त्याने गाडी लावली.

"राम राम अंकल. नमस्ते भाभी."

त्याने मशीनच्या स्क्रीनवर आजवर पडलेल्या टाक्यांचा आकडा काढला आणि त्याचा फोटो घेतला.

"दात पाह्यले," हिरालाल हलक्या आवाजात म्हणाले.

रेणूने चार रंगांचं कमळ दाखवायला तयार ठेवलं होतं. त्यात सातवी सुई येत नव्हती. वीरेंद्रने कमळाकडे पाहिलंही नाही. खिशातून पेनड्राइव्ह काढून त्याने स्वतःचं डिझाइन लावलं : एका ओळीत नऊ फुलं, प्रत्येक सुईचं एक.

मशीन सुरू झालं. पहिलं फूल आलं, दुसरं आलं. प्रफुलने पंखा वाढवला. तिसऱ्या फुलाला रेणूने पदर दाताखाली धरला. चौथं फूल फारच सुंदर आलं आणि त्याचा तिला राग आला. पाचवं संपलं. सहाव्याची शेवटची पाकळी भरत आली, हेड सातव्या सुईकडे सरकायच्या तयारीत थरथरलं, आणि वीरेंद्रने लाल बटण दाबलं.

"बस भाभी. मशीन ओके आहे."

प्रफुलने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या कॅलेंडरचं पान हललं.

"सव्वा," वीरेंद्र म्हणाला.

"दीड," रेणू म्हणाली.

"भाभी, टाके पहा किती झाले. सव्वापण तुम्ही जुने कस्टमर म्हणून. उद्या म्हणाल तर एक लाख दहा."

"दीडच्या खाली माझं जमतच नाही, भाऊ."

"मग राहू द्या. गाडी आमगावला जाऊन राहिली, तिथेही पार्टी बसली आहे."

रेणूचा फोन वाजला. शाळेच्या कामाचाच होता. तिने तो कापला आणि दारातून दिसणाऱ्या खोक्याकडे पाहिलं. तेवढ्यात हिरालाल उठले.

"सातवी चालव, बाई."

"बाबूजी!" प्रफुल ओरडला.

"सहा पाह्यल्या. सुया नऊ आहेत. चालव."

रेणूने सासऱ्यांकडे पाहिलं. तसं पाहण्याची सोय आपल्या कुटुंबव्यवस्थेत सुनेला नाही. आता बटण न दाबणं म्हणजे कबुली आणि दाबणं म्हणजे पुरावा. तिने पुरावा निवडला.

सातव्या फुलाची पहिली पाकळी आली. दुसरी आली. क्षणभर वाटलं, मशीन आज इमान राखणार. तिसरीच्या देठापाशी दोरा तटकन तुटला आणि मशीन कोकलायला लागलं.

हिरालाल मशीनकडे पाहतच नव्हते. ते वीरेंद्रच्या तोंडाकडे पाहत होते.

"तुले नवल नाही वाटलं, बाबू?"

"कशाचं अंकल? इस मॉडल की सातवीं सब जगह टूटती है. म्हणून तर मी पहिलेच पंचवीस हजार कापले. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

प्रफुलने सवयीने थँक्यू म्हटलं.

"अन् हे मशीन आमाले कोनं विकलं होतं?"

भिंतीवर मशीन आलं त्या दिवसाचा फोटो होता. त्यात मशीनपुढे नारळ फोडणारा माणूस वीरेंद्रच होता. त्याने फोटोकडे न बघता पंख्याकडे बघितलं.

"तवा सातवीचं सांगतलं काऊन नाही?"

"अंकल, कंपनीचं..."

"म्हणजे खोड तुमची. विकतानी लपवली, अन् घेतानी तिचेच पैसे कापून राहिला. एकाच खोडीवर दोनदा खाणं! येवढी दलाली केली मी, माह्या डोक्यात कधी आलं नाही."

या शेवटच्या वाक्यात रागापेक्षा हळहळ जास्त होती.

"पंचवीस परत लावा," रेणू म्हणाली. "दीड."

वीरेंद्र फोन घेऊन अंगणात गेला. बराच वेळ तो कडुनिंबाखाली चकरा मारत होता. परत आला तेव्हा कपाळ पुसत होता. "दीड. पण माल आत्ताच उचलतो."

त्याने प्लगकडे हात नेला. वायर तिथे नव्हती. हिरालाल ती दाव्यासारखी कोपरावर गुंडाळत उभे होते.

"आता नव्याची खोड सांग."

"नवीन मशीनला कसली खोड? पॅकिंगही उघडली नाही!"

"बिनखोडीचा बैल फोटोत राहते. सांग."

रेणूचा फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला. "भाऊ, एक मिनिट थांबा," म्हणून तो कानाशी धरून ठेवला आणि तीही वीरेंद्रकडे पाहू लागली.

"दोऱ्याचं स्टँड थोडं हलते," वीरेंद्र शेवटी म्हणाला. "स्क्रू टाइट केला की बस."

हिरालाल हसले. खूप दिवसांनी आपल्या धंद्यातला माणूस भेटल्याचं ते हसू होतं.

"ही गरीब खोड झाली, बाबू. मीबी हेच करत होतो. आता शिंगं मारते ते सांग."

वीरेंद्रने दाराबाहेरच्या खोक्याकडे पाहिलं, मग वायरीकडे. "व्होल्टेज कमी झालं की दुसरं हेड थांबते. शहरात नाही होत. इथे, उन्हाळ्यात..."

उन्हाळ्यात कामठ्याच्या व्होल्टेजवर पंख्याची पाती मोजता येतात. म्हणजे दोन हेडचे पैसे देऊन रेणूला ऐन हंगामात एकच हेड मिळणार होतं आणि शाळेचे बिल्ले निम्मे राहणार होते.

"उपाय?" तिने विचारलं.

"मोठा स्टॅबिलायझर लागते."

"कोनाच्या पैशानं?"

हे रेणूनेच विचारलं, पण प्रफुलने मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

वीरेंद्रने बिलावर स्टॅबिलायझर चढवला आणि पुढे 'शोरूमतर्फे' असं लिहून सही केली. रेणूने ते नीट वाचलं, मग फोनमध्ये म्हणाली, "शाळेला हो म्हणा, भाऊ. काम घेतलं."

खोकं उतरलं, जुनं मशीन गाडीत चढलं. वीरेंद्रने हात पुढे केला. "अंकल, वायर."

"दावं देत नसते."

"त्याच्याशिवाय मशीन कसं चालल?"

"नव्या धन्यानं नवं आणावं. अन् त्याले सातवीचं सांगजो."

"बिलकुल सांगतो, अंकल," वीरेंद्र म्हणाला. 'पाणी जास्त पिते जी' हिरालाल ज्या आवाजात म्हणत, अगदी त्याच आवाजात.

पिकअप गेली. हिरालालनी वायर खुंटीवर, दाव्यांच्या शेजारी टांगली.

"पोरगा हुशार आहे," ते म्हणाले.

आत रेणूने खोकं उघडलं आणि सगळ्यात आधी, वायर आहे का, ते पाहिलं.