न उघडलेली बरणी

सावेतानं मधाची बरणी टेबलावर आदळली. झाकणावरच्या फडक्याची गाठ तिनं स्वतःच्या हातानं मारली होती, आणि ती जशी दिली तशीच परत आली होती.

नातीनं मध परत आणावा, हे तिला सोसवेना. सकाळपासून कुंपणापलीकडच्या फ्लोआरेयाला तिनं तीनदा ऐकवलं होतं, की पोरगी शेफारली आहे. देशोदेशी फिरते, तिथं कुणीतरी दुकानी बाटलीतला मध दिला असणार, आता आजीच्या पेट्यांतला गावठी मध हाताला कसा चालेल? फ्लोआरेया म्हणाली, मध तो मध. सावेतानं तिला विचारलं, की तुझ्या नवऱ्यानं गाळलेली दारू आणि माझ्या नवऱ्यानं गाळलेली दारू कधी एक होती का?

जिम्नॅस्टिक्सच्या दांड्यांवर चढण्याआधी मुली तळहातांना मध चोळतात आणि वर पांढरी पूड लावतात, म्हणजे पकड सुटत नाही. कुणी साखरेच्या पाकावर भागवतात. इलिंका सात वर्षांची असताना शहरातल्या वसतिगृहात गेली, तेव्हापासून तिच्या प्रत्येक पिशवीत आजीची बरणी असे. आई इटलीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेलेली, बाप असून नसल्यासारखा. पोरीला वर धरून ठेवतात त्या माझ्या माशा, असं सावेता चर्चच्या अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. पदक आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असे: "आमच्यात भित्रं कुणी नाही. पोरगी माझ्यावर गेलीय."

या वर्षी मार्चमध्ये बाकूच्या स्पर्धेला गेलेली बरणी बोटानं चाटूनपुसून आली होती, बाहेरून पांढऱ्या बोटांचे ठसे. एप्रिलमध्ये ओसियेकहून आलेलीही तशीच. मे महिन्यात वार्नाहून अर्धी आली. मग उन्हाळ्यातली दोन शिबिरं झाली, आणि दोन्ही बरण्यांच्या गाठी सुटल्याच नाहीत.

आता इलिंका चार दिवसांसाठी घरी आली होती. रविवारी कोच ओटिलिया गाडी घेऊन येणार, तिला शेवटच्या शिबिराला नेणार, आणि तिथून थेट जागतिक स्पर्धा. गावातल्या दुकानाच्या काचेवर तिचा फोटो लागला होता. तो तिथं लावायला सावेतानंच दुकानदाराच्या मागे लकडा लावला होता.

पण पोरीचं वागणंच काही धड नव्हतं. माडीवरून उतरताना ती कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत उतरायची. पलंग सोडून गादी जमिनीवर टाकून निजायची. विचारलं तर म्हणे, वसतिगृहात पलंगाची सवय मोडली. मामालिगाचा, मक्याच्या घट्ट लापशीचा, घास तोंडात घोळवत खिडकीबाहेर बघत बसायची.

"माझ्या मधात काय किडे पडले?" सावेतानं बरणी तिच्यापुढं सरकवली.

"तसं नाही, आजी."

"मग कसं?"

इलिंकानं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

शनिवारी सावेतानं तिला आलूबुखार उतरवायला नेलं. शिडी झाडाला लावली, टोपली हातात दिली. चार बोटं रुंदीच्या फळीवर कोलांट्या मारणारी पोर ती. तिसऱ्या पायरीवर थांबली.

"फळं आपोआप टोपलीत यायची वाट बघतेस का, राणीसाहेब?" सावेता खालून म्हणाली.

इलिंका हलली नाही. टोपली खाली पडली. तिनं दोन्ही हातांनी शिडी अशी कवटाळली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली.

सावेताच्या तोंडात आलेला टोमणा तिथंच राहिला. तिनं पुढं होऊन पोरीची टाच हातात धरली.

"हा पाय खाली दे. असा. मी धरलाय. आता दुसरा."

खाली आल्यावर इलिंका गवतात बसली. ती गवताच्या काड्या तोडायला लागली.

"वार्नाला दांडी सोडली," ती म्हणाली, "आणि मग कळेचना, वर कुठं आणि खाली कुठं. डोळे उघडे होते, आजी. तरी जमीन सापडेना."

वार्नाचं ते पडणं फ्लोआरेयानं टीव्हीवर पाहिलं होतं. पडली, पण हसत उठली, असं ती म्हणाली होती. सावेतानं पाहिलं नव्हतं. स्पर्धेच्या दिवशी आळीतल्या बायका तिच्या स्वयंपाकघरात जमत, आणि दांड्यांची पाळी आली की नेमकी सावेताला पेट्यांची आठवण होई. माशांना टीव्ही कळत नाही, असं म्हणून ती धुराचं भांडं घेऊन परसात जाई. झालं, ये, अशी खिडकीतून हाक आली की मगच आत येई.

"मग?"

"मग जमिनीवरच्या उड्यांतही व्हायला लागलं. बाईंना सांगितलं, खांदा दुखतो. त्यांनी दांड्या बंद ठेवल्या." तिनं आणखी एक काडी तोडली. "जुलैत मानेवर पडले. खाली फोमचा खड्डा होता म्हणून."

सावेताची नजर पोरीच्या मानेवर गेली. केस वर बांधलेले, खाली कोवळी लव. लहानपणी तिथंच ती तिला गुदगुल्या करायची.

"जाऊ नकोस मग."

"संघात चौघीच उरतील. राखीव मुलीचा घोटा मुरगळलाय." इलिंकानं मान वर केली नाही. "आणि तू सगळ्या गावाला सांगून बसलीस."

मग ती म्हणाली, "शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

सावेतानं छातीवर क्रूस काढला. इलिंकाला ती शपथ वाटली. सावेतानं तो का काढला, ते तिचं तिलाच ठाऊक.

रविवारी सकाळी ती पेट्यांपाशी गेली. धुराचं भांडं हातात हिंदकळायला लागलं, तेव्हा तिनं ते खाली ठेवलं आणि दोन्ही हात एप्रनखाली घातले. परसात कुणी नव्हतं, तरीही.

गाडी फाटकाशी आली. कोच ओटिलिया इंजिन चालूच ठेवून उतरली. ती वाईट बाई नव्हती. पोरींच्या वाढदिवसांना स्वतः केक करून न्यायची. तिनं आधी खांद्याची चौकशी केली.

"एकदम बरा," इलिंका म्हणाली आणि हात खांद्यातून गरागरा फिरवून दाखवला.

ओटिलियाचा चेहरा खुलला. उद्यापासून दांड्या सुरू करू, म्हणाली. रिवाज तिला माहीत होता, म्हणून तिनं हसून हात पुढं केला.

"आजी, बरणी?"

सावेता आत गेली. टेबलावरची बरणी घेऊन आली आणि ओटिलियाच्या हातात दिली.

"ही तुम्हाला. चहात घालून घ्या."

"आणि इलिंकाची?"

"तिला नको."

"आजी," इलिंका हळूच म्हणाली.

"बाई, तिचा खांदा ठणठणीत आहे आणि होताही," सावेता म्हणाली. "वर गेल्यावर तिला जमीन कुठं ते कळत नाही. वार्नापासून. जुलैत ती तुमच्या खड्ड्यात मानेवर पडली, तेव्हा पाय घसरला म्हणाली असेल."

ओटिलियाचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. तिनं इलिंकाकडं पाहिलं. इलिंका पिशवीकडं बघत होती. ओटिलिया वळली, खिडकीतून आत हात घालून तिनं इंजिन बंद केलं, आणि बरणी छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"तू शपथ घेतली होतीस," इलिंका म्हणाली. "आता दुकानात काय सांगशील? चर्चमध्ये काय सांगशील?"

कुंपणापलीकडं फ्लोआरेया वाळत घातलेले कपडे पुन्हा झटकत होती. तिला ऐकू जात होतं. सावेतानं आवाज खाली आणला नाही. तिनं पिशवीच्या पट्ट्यावरून पोरीचं एकेक बोट सोडवलं आणि पिशवी पायरीवर ठेवली. बोटं गार पडली होती. सावेताचीही गारच होती, आणि या खेपेला तिनं ती एप्रनखाली लपवली नाहीत.

"भित्री आहेस तू, इलिंका," ती म्हणाली. "माझ्यावर गेलीस."