बेस शून्य धरावा

“एकशेवीस?” आप्पासाहेबांनी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स टेबलावर सरकवली. “अहो बिभीषण सर, पोरीला बेरीज येत न्हाई, आन् तुमी म्हणता गुण वाढवा.”

“बेरीज करायचीच नव्हती, सर.”

प्रश्न ४ (ब). गुण चार. ६४-बिट सिस्टीममध्ये डेटा सेगमेंटचा बेस ४०००, ऑफसेट १२०. प्रोसेसर कोणता पत्ता काढेल?

प्रश्न वीस वर्षांपूर्वीचा. विभागप्रमुख आप्पासाहेबांनी तो जुन्या पेपरातून उचलला आणि नवा दिसावा म्हणून पुढं ‘६४-बिट’ एवढं चिकटवलं. तिथंच घोटाळा झाला. जुना प्रोसेसर सेगमेंटचा बेस, म्हणजे मेमरीतल्या त्या तुकड्याची सुरुवात बघायचा, त्यात ऑफसेट, म्हणजे तिथून पुढचं अंतर मिळवायचा आणि मेमरीतल्या त्या जागी जायचा. ६४-बिटवाला डेटा सेगमेंटच्या बेसकडं ढुंकूनही बघत नाही. तिथं काहीही लिहून ठेवा, तो शून्य धरतो. ऑफसेट हाच पत्ता: १२०.

कर्जतच्या त्या कॉलेजात हे एकच माणूस शिकवत होता. बिभीषण. तासिकेवर, अकरावं वर्ष. साठ जणांच्या वर्गात ते एकीनंच कानावर घेतलं होतं.

त्या एकीला शून्य कुणी दिलं?

त्यानंच. आप्पासाहेबांचं नमुना उत्तर शेजारी ठेवून तो गठ्ठा उपसत होता. ४१२० दिसलं की चार, नाही दिसलं की भोपळा. वर तिनं मांडलेलं कारण वाचायला तो थांबलाच नाही. सत्यशीलाला छत्तीस पडले. पास व्हायला चाळीस लागतात. पुण्याच्या कंपनीनं तिला निवडलं होतं, पण एकही विषय राहिलेला चालणार नव्हता.

“तिचं बरोबर हाय, मलाबी कळतं,” आप्पासाहेबांचा आवाज उतरला. “पन मग बाकीचे एकोणसाठ चूक. त्यांचे चार-चार काढले तर निम्मा वर्ग खाली येतो. संस्थेला काय सांगू?”

“दोन्ही उत्तरांना गुण देऊ.”

“म्हंजे प्रश्न चुकला, असं लेखी द्यायचं. कुणी काढला हुता प्रश्न?”

बिभीषणनं झेरॉक्स आपल्याकडं ओढून घेतली.

“तुमच्या नेमणुकीची जूनची ऑर्डर माझ्याच टेबलावर हाय, सर. लई लांबवू नका.”

शेरा: गुणांत बदल नाही.

सही बिभीषणची.

जिन्याखाली सत्यशीला उभी होती. “झालं का, सर?”

“नाही.”

“चुकलं हुतं का माझं?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण एका दिवसात दोनदा जमेना. “बरोबर होतं तुझं.”

तिनं फोन काढून वेळ पाहिली. मग म्हणाली, “कंपनीला आज कळवायचं हुतं.”

“पुढच्या परीक्षेला बस. निघेल विषय.”

“आन् हाच प्रश्न परत आला तर? काय लिहू?”

वरून पोरं उतरत होती. ती सगळी जाईपर्यंत बिभीषण थांबला.

“बेरीज करायची.”

तिनं सॅकमधून वही काढली, कोरं पान उघडलं. चेष्टा करते की काय, म्हणून त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तसं काही दिसेना.

“गाईडातलं मला येत न्हाई, सर. मी तुमच्याच नोट्स वाचल्यात. सांगा.”

भिंतीला टेकून बिभीषण सांगू लागला. बेस घ्यायचा. त्यात ऑफसेट मिळवायचा. ती उभ्यानंच उतरवून घेत होती.

“जरा हळू, सर,” ती म्हणाली.