मोरीचं दुसरं टोक

त्या रविवारी सोपानराव आक्काबाईंच्या शेतातली ओढ्यावरची मोरी, म्हणजे जुना छोटा पूल, मोजत होते आणि टेपचं दुसरं टोक, लहानपणापासून असायचं तसं, त्यांच्या मुलीच्या, जयमालेच्या हातात होतं. श्रीगोंद्याजवळच्या या ओढ्यावरून एकेकाळी कारखान्याला ऊस नेणारी ट्राम जायची. रूळ केव्हाच भंगारात गेले. दोन काठांवर दगडी बांधकाम तेवढं उरलं होतं आणि त्यावर आक्काबाई गोवऱ्या वाळवायच्या.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी तिचे नाना या लाईनीच्या मागावर होते. कुणाच्या गोठ्याला रुळाची तुळई आहे, कोणत्या शाळेत रुळाचा तुकडा घंटा म्हणून वाजतो, सगळं वहीत असायचं. जयमाला दहा वर्षांची असताना त्यांनी घरच्यांना कलकत्ता दाखवायला नेलं आणि चार दिवस ट्राममधून फिरवलं. "कालीमाता राहिलीच," असं आई शेवटपर्यंत म्हणायची.

"लक्ष कुठंय, प्राध्यापकबाई?" नाना पलीकडून ओरडले. "शून्य दगडावर धर!"

"धरलंय, नाना."

धरलं नव्हतं. ती फोनवर कॉलेजचा निरोप वाचत होती आणि टोक वीतभर पुढं सरकलं होतं. सांगितलं असतं तर सगळं पुन्हा मोजावं लागलं असतं.

"लई नाद तुमाला, सायेब," आक्काबाई म्हणाल्या. "गेलेली गाडी हुडकून काय घावतं?"

"तुमचा चहा!"

परतताना नानांनी विचारलं, "वही एकदा वाचशील?"

"सुट्टीत वाचते."

मंगळवारी सकाळी नाना उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर तिनं वही उघडली. प्रत्येक आकड्यापुढं तारीख होती, सांगणाऱ्याचं नाव होतं. ऊसतोड्याचं नाव इंजिनड्रायव्हरच्या नावाइतकंच ठसठशीत होतं. ऐकलेलं आणि पाहिलेलं त्यांनी कुठं म्हणून मिसळू दिलं नव्हतं. जयमालेनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, पण इतकं चोख लिहिणारे तिला थोडेच भेटले होते. शेवटच्या पानावर मोरीचं माप होतं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: "टोक सरकलेलं. जयू दमली होती, बोललो नाही. पुन्हा जाणे."

पुढच्या रविवारी ती एकटीच गेली. आक्काबाई गोवऱ्या बाजूला करू लागल्या.

"सायेब मागून येत्यात व्हय?"

जयमालेनं सांगितलं. म्हातारीनं हातातली गोवरी खाली ठेवली. मग पदराला हात पुसून तिनं हात पुढं केला.

"आन हिकडं. कुठं धरू?"

"शून्य दगडावर, मावशी."

टेप उलगडत जयमाला ओढा ओलांडून, नाना उभे राहायचे त्या जागी गेली. तिथून आक्काबाईंची बोटं, दगडाची कड, सगळं लख्ख दिसत होतं. तिनं माप वहीत लिहिलं, पुढं तारीख आणि आक्काबाईंचं नाव घातलं.

"सोडू का गं?"

"नको मावशी, धरा जरा."

ताणलेल्या टेपकडं बघत ती मोठ्यानं म्हणाली, "नाना, टोक माझ्या हातून सरकलं होतं. दर वेळी मी कंटाळा दाखवायचे. पण तुम्ही हाक मारायच्या आधीच माझी चप्पल पायात असायची."