ढगांवरून मुंबई

गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. त्यांच्या हद्दीवरून जायची मनाई. म्हणून कोचीहून मुंबईला निघालेलं डाकोटा विमान भर समुद्रातून वळसा घालून मालवणपाशी पुन्हा किनाऱ्यावरून उडू लागलं. त्या वळशात आणि समोरच्या वाऱ्यात पेट्रोल भलतंच खर्ची पडलं. वैमानिक अंबाजी, नागावच्या कोळ्याचा पोर. त्याने पेट्रोलच्या काट्यावर टिचकी मारली; काटा वर सरकला नाही. मागे माणसं डुलक्या घेत होती.

"तांडेल, असंच चाललो तर मुंबई काही गाठत नाही आपण," सहवैमानिक रतन म्हणाला. होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात हे कळल्यापासून त्याने अंबाजीचं तेच बारसं केलं होतं. "आणि तुम्ही खाडीन् खाडी वळताय. जाळ्यात म्हावरं घ्यायचंय का?"

थट्टाच, पण वर्मी बसली. देवळाचा कळस डोंगराच्या खिंडीत आला की होडी वळवायची, किनाऱ्याची खूण डोळ्याआड होऊ द्यायची नाही, असं बापाने शिकवलेलं. आकाशात येऊनही ती खोड गेली नव्हती. खुणा दिसाव्यात म्हणून तो खालून, किनाऱ्याच्या वळणावळणाने उडत होता. खाली हवा दाट. वर ती विरळ. तिथे थोड्या पेट्रोलात विमान लांब जातं. पण चढायचं तर उरलेलंच आधी जाळायचं. शिवाय पुढे खाली सगळे ढग, एकही खूण दिसायची नाही.

"वर पण वारा आडवा आला तर?"

"तर दिवेआगरच्या वाळूत उतरू. शहाळी पिऊ," रतन हसला, पण त्याचे ओठ सुकले होते.

अंबाजीने विमान वर घेतलं. इंजिनं धापा टाकू लागली, काटा डोळ्यांदेखत घसरला. आठ हजार फुटांवर त्याने विमान सरळ केलं, पेट्रोलची धार बारीक केली, नाक थेट मुंबईकडे धरलं. धाप थांबली. खाली पांढरं पाणीच पाणी, ना लाट ना गाज. ढगांवरून विमानाची सावली होडीसारखी सरकत होती, तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं. आपण पुढे जातोय की एका जागी तरंगतोय, कळेना. काळजी होती, पण ती दुसऱ्याच कुणाची असावी तशी लांब.

घड्याळाच्या हिशोबाने खाली मुरूड यायला हवं होतं. त्याने इंजिनं मंद केली. विमान ढगात बुडालं, काचा दुधाळल्या, आणि एकदम खाली माडांची हिरवी रांग उघडली.

"ह्यो मुरूड न्हाय," अंबाजी पुटपुटला. "किहीम हाय रं ह्यो!"

वर वारा पाठीशी होता. समोर धुरकटात मुंबई दिसत होती आणि काटा लाल रेघेच्या वर होता. रतनने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मग नागाव कधी गेलं?" अंबाजीने विचारलं.

"मागे राहिलं. ढगाखाली."

जन्मात पहिल्यांदाच तो आपल्या घरावरून, ते न बघता, पुढे आला होता. त्याने मान वळवली नाही. चाकं खाली सोडायची वेळ झाली होती.