कानशीचे ओरखडे

मी एक जुनी कवळी आहे, वरच्या जबड्याची. मित्रांनो, हसू नका. सांगलीत माप घेऊन, मेणात दात बसवून मला घडवलं, तेव्हा दातांच्या डॉक्टर भार्गवीताई म्हणाल्या होत्या, "झकास बसलीय." तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

माझे मालक आष्ट्याचे लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले. बारा वर्षं मी त्यांना ज्वारीची भाकरी चावून दिली. मागच्या वर्षी मात्र मी टाळूवरून निसटू लागले. बोलता बोलता खाली यायचे आणि शिव्या खायचे. आपलं सामान आपणच दुरुस्त करायचं, ही लालासाहेबांची फौजेतली सवय. त्यांनी कानस घेतली आणि मला आतून घासलं. महिन्याने पुन्हा घासलं.

"आवं, डॉक्टरला दावा की," त्यांच्या पत्नी मनुबाई म्हणायच्या.

"दुखतंय कुठं? कवळी जुनी झालीया, एवढंच."

मी होते तशीच होते. टाळूवर एक मऊ फुगवटा वाढत होता आणि तो रोज मला ढकलत होता. तोंडात राहूनही मला बोलता येत नव्हतं, याचं दुःख अजून आहे.

शेवटी मनुबाईंनी मला डबीत घातलं आणि नवऱ्याला घेऊन सांगलीची एसटी पकडली. भार्गवीताईंनी मला बाजूला ठेवलं आणि टाळू निरखली. फुगवट्याचा तुकडा तपासणीला गेला. लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग. तो बहुधा मानेतल्या, काखेतल्या गाठींत होतो. इथे गाठी सोडून टाळूतच उपजला होता. सलाईनमधून औषधं सुरू झाली. सहा महिने मी फडताळात होते, लालासाहेब पेजेवर होते. ते परत भाकरी खातील की नाही, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

ते वाचले. फुगवटा जिरला, नवी कवळी आली. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

परवा त्यांचा मित्र केरबा आला. "लाला, कवळी ढिली झालीया. तुझी कानस दे गड्या."

लालासाहेबांनी मला त्याच्या हातावर ठेवलं आणि माझे ओरखडे दाखवले. "कानस न्हाई मिळायची. उद्या सांगलीला जायाचं. मी येतो संगं."

मित्रांनो, घरात कुणाची कवळी बसेनाशी झाली, तर तिला खुशाल नावं ठेवा. पण आधी डॉक्टरांना तोंड दाखवा. बारा वर्षांत मला एकच गोष्ट सांगायची होती, आणि मी ती निसटून निसटून सांगत असताना लालासाहेब मला घासत होते.