कंपासपेटीतलं मीठ

आमच्या घरात मीठ नाही. संपलेलं नाही, हद्दपार केलंय. माझ्या धाकट्या भावाच्या किडन्या नीट चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलं आणि आईने सगळ्यांचंच तोडून टाकलं. का, तर छोट्याला एकटं वाटू नये. मला कुणी विचारलं? मी समजूतदार आहे ना. समजूतदार माणसांना विचारत नसतात.

म्हणून माझ्या कंपासपेटीत मिठाची पुडी असते. काल, रविवारी, आई तिच्यात छोट्यासाठी खोडरबर शोधायला गेली आणि ती पुडी घेऊनच जेवणाच्या टेबलाशी आली.

"हे काय आहे?"

"मीठ."

मागच्या वर्षी मी रडले असते. यंदा मी शाळेच्या फुटबॉल संघाची कप्तान आहे. अख्ख्या मैदानावर ऐकू जाईल असा आवाज आहे माझा.

"तो बिचारा मन मारून जेवतोय आणि तू चोरून खातेस? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच चोरून खात होते. आजपासून इथे बसून खाणार."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "त्याच्यासमोर कशाला?"

"बाबा, तुमच्या शर्टावर रोज वेफर्सचा चुरा असतो," छोट्या म्हणाला.

बाबा घाईघाईने शर्ट झटकायला लागले. तो धुतलेला होता, सुट्टीचा.

आईच्या कपड्यांवर कधीच चुरा नसतो. तिने खरंच इतकी वर्षं मीठ तोंडाला लावलेलं नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. तिच्याशी भांडायचं तरी कसं?

"तुझ्यासाठीच करतोय ना रे," ती छोट्याला म्हणाली.

"मी सांगितलं होतं? सगळे माझ्या तोंडाकडे बघत जेवता. मला घास गिळवत नाही." त्याने हात पुढे केला. "दे ती पुडी. मी खात नाहीये गं, ताईला वाढतोय."

आईची मूठ सैल झाली. छोट्याने पुडी उघडली आणि माझ्या उकडलेल्या अंड्यावर उपडी केली.

"खा, ताई. इथेच."

मीठ किती घालतात, हे तो पार विसरून गेला होता. अंडं तोंडात धरवेना. डोळ्यांतून पाणी आलं, तरी आईकडे बघत मी ते सगळं संपवलं.

"पाणी देऊ का तुला?" आईने विचारलं. मला.

"नको," मी म्हटलं, आणि दुसरं अंडं घेतलं.