मेणबत्तीच्या आधी पेटलेला कीबोर्ड

शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता देवळातले सगळे दिवे बंद करण्यात आले. त्यानंतर थोड्याच वेळात वेदीच्या डाव्या बाजूला एक कीबोर्ड पेटला. तांबडा, हिरवा, निळा, जांभळा, पुन्हा तांबडा.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळच्या जागरणात देवळातला पहिला उजेड पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीचा असतो. अंगणात नवा अग्नी करतात, त्यावर मेणबत्ती पेटवतात, फादर ती घेऊन काळोख्या देवळाच्या दारात थांबतात आणि "ख्रिस्ताचा प्रकाश" असं गातात. लोक "देवाला धन्यवाद" म्हणतात. खरं तर सगळ्यांनी अग्नीपाशी जमायचं असतं, पण उत्तनच्या किनाऱ्यावरच्या या लहानशा धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, निम्मे लोक जागा धरायला आत बसतात. त्या संध्याकाळी फादर अजून अंगणातच होते. खाडीकडून वारा सुटला होता आणि अग्नी धरत नव्हता. आत मागच्या बाकावरच्या कोणीतरी समोर उजेड पाहिला आणि सवयीने म्हटलं, "देवाला धन्यवाद." मग आतल्या सगळ्यांनी म्हटलं. गायनवृंदाने सुरात म्हटलं.

फादर शेवटी दारात आले आणि "ख्रिस्ताचा प्रकाश" म्हणाले तेव्हा आतून उत्तर आलं नाही. लोकांना वाटलं, आपलं म्हणून झालंय.

कीबोर्डसमोर शेरॉन बसली होती. वय एकोणतीस, भाईंदरला एका सीएच्या ऑफिसात नोकरी. देवळातल्या पडद्यावर गाण्यांचे आणि स्तोत्रांचे शब्द दाखवण्याचं काम गेली सहा वर्षं तिच्याकडे होतं. बायबलच्या वाचनासाठी तिला कोणी बोलावलं नव्हतं, कारण तिला "ष" म्हणता येत नाही असं ठरलं होतं. गायनवृंदात घेतलं नव्हतं, कारण तिचा आवाज ऐकण्याची वेळच कोणावर आली नव्हती. पडदा मात्र तिने आणला. त्याआधी गाणी गायनवृंद गायचा आणि बाकीचे ओठ हलवायचे. पडदा आल्यावर मीरा रोडला नव्याने राहायला आलेली, गाण्याचं पुस्तक जवळ नसलेली माणसंही गाऊ लागली. देवळात शेरॉनचं म्हणावं असं एवढंच होतं.

ते जाण्याची वेळ गेल्या वर्षीच्या जागरणात आली. काळोख होता आणि मिसर देशातून सुटकेचं स्तोत्र सुरू व्हायचं होतं. शेरॉन लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरं दाबते आणि मराठी उमटतं. "घोडे व स्वार" मधल्या "घोडे"चं पहिलं इंग्रजी अक्षर बोटातून निसटलं, उरलेल्यावरून यंत्राने आपल्या अकलेने शब्द सुचवला आणि पडद्यावर आलं:

"होडी व स्वार त्याने समुद्रात बुडवले."

देऊळ मच्छीमारांचं. समोरच्या तीन बाकांवर नाखवे बसले होते. पण पडद्यावर आलं की गायचं ही सवय लागलेली होती. त्यांनी गायलं. दोनदा गायलं, कारण ते धृपद होतं.

दोन आठवड्यांनी मॅक्सवेल नाखव्याची होडी इंजिन बंद पडून खडकावर चढली. माणसं सुखरूप आली, होडीचा तळ फुटला. इंजिनाला वर्षभर कोणी हात लावला नव्हता हे बंदरावर सगळ्यांना माहीत होतं. देवळात मात्र कारण वेगळं ठरलं.

मॅक्सवेल धर्मग्रामाच्या समितीचा अध्यक्ष. तीन होड्या, एक बर्फाचा कारखाना आणि जगातल्या कुठल्याही विषयावर तयार मत. तो म्हणाला, "पोरीला काळोखात दिसत न्हाय. उजेडाचा कीबोर्ड घेऊ. यंदा चुकली तर मग दुसरा माणूस बघू." दुसरा माणूस म्हणजे त्याचा पुतण्या गेविन, हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

शेरॉनने एक साधी गोष्ट सुचवली होती. गाणी आठवडाभर आधी मिळाली तर ती घरी उजेडात टाइप करून ठेवेल. देवळात फक्त एक बटण दाबायचं राहील, ते आंधळ्यालाही दाबता येईल.

गाणी ठरवतात आर्थर अंकल. वय एकाहत्तर, गायनवृंदाचे प्रमुख. एकेका स्तोत्राच्या त्यांच्याकडे चार चाली आहेत, प्रत्येक चालीचे शब्द थोडे वेगळे, आणि कुठली घ्यायची हे ते वाचन संपता संपता ठरवतात. मग मान न वळवता शेरॉनला सांगतात, "घोड्याचं, जुनं." तिची सूचना ऐकून ते हसले.

"गाणं आधी ठरवायचं म्हणजे पवित्र आत्म्याला टाइमटेबल द्यायचं, बाय."

समितीला हे पटलं. आर्थर अंकलना वाईट वाटण्यापेक्षा कीबोर्ड घेणं सोपं होतं.

चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, एका दुपारी, मॅक्सवेल, त्याची बायको गर्ट्रूड आंटी, आर्थर अंकल आणि शेरॉन बसने भाईंदरला आणि तिथून रिक्षाने शांती नगरला गेले. दुकान निहारचं. कॉम्प्युटरचे सुटे भाग, मोबाइलची कव्हरं आणि वर देवांचे फोटो. चौघे काउंटरला टेकले.

"अंकल, गेमिंग के लिए चाहिए?" निहारने विचारलं.

"चर्च के लिए," मॅक्सवेल म्हणाला. "अंधेरे में टाइप करने का."

"अंधेरे में क्यों?"

"विधी हाय आमचा."

निहारने मान डोलावली. शांती नगरला दुकान चालवायचं तर कोणाच्या विधीबद्दल दुसरा प्रश्न विचारायचा नसतो. त्याने पाच-सहा खोकी काढली, शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवे घालवले. भर दुपारी चार माणसं काळोखात वाकून कीबोर्ड बघू लागली. बाहेरून एका बाईने आत डोकावून विचारलं, "लाइट गया क्या?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

पहिला पांढऱ्या उजेडाचा होता. अक्षरं मोठी, बटणं मऊ, आवाज नाही. शेरॉनने त्यावर दोन ओळी टाइप केल्या आणि म्हणाली, "हाच."

"थांब गो, एवढी घाई कसली," गर्ट्रूड आंटी म्हणाल्या. "पांढरा चांगला हाय. पन निळा बघू. निळा मारियेचा."

"जागरणाचा रंग पांढरा," आर्थर अंकल म्हणाले.

"पांढरा फादरच्या झग्याचा. कीबोर्डचा कुठं लिवलाय?"

"जांभळा नको," आर्थर अंकल म्हणाले. "जांभळा उपवासकाळाचा. संपला उपवासकाळ तोवर."

"लाल बघा," मॅक्सवेल म्हणाला. "लाल लांबून दिसतो. बंदराला लाल दिवा असतो तो काय उगाच?"

"लालने नरक आठवतो," गर्ट्रूड आंटी म्हणाल्या.

"तुला सगळ्यानेच आठवतो."

शेरॉन म्हणाली, "अंकल, लांबून कोणाला दिसायचाय तो? मला एकटीला दिसायला पाहिजे."

हे कोणी ऐकलं नाही. निहारने मग एक स्वस्तातला, बिनवायरचा दाखवला. बॅटरी वाचावी म्हणून तो थोड्या वेळाने आपोआप विझायचा आणि पहिलं बटण दाबलं की नुसता जागा व्हायचा, अक्षर उमटायचं नाही. शेरॉनने तो लगेच बाजूला सारला. मॅक्सवेलने परत पुढे ओढला. "किफायती हाय," म्हणाला. शेवटी आर्थर अंकलनीच तो नाकारला. जो स्वतःच झोपतो त्याला जागरणात बसवता येत नाही, असं ते म्हणाले. त्या दुपारचं सर्वांत शहाणं वाक्य तेच होतं.

निहार कंटाळला होता. "अंकल, एक बात पूछूं? पहले से टाइप करके क्यों नहीं रखते?"

शेरॉन आर्थर अंकलकडे बघत होती. मॅक्सवेल खोकी बघत होता.

"वो नहीं होता," आर्थर अंकल म्हणाले.

"अच्छा," निहार म्हणाला आणि त्याने वरच्या फळीवरून शेवटचं खोकं काढलं. "फिर ये लो. इसमें सब कलर है."

"सब?" मॅक्सवेलने विचारलं.

"सब. घूमता रहता है."

तांबडा, हिरवा, निळा, जांभळा. कीबोर्डवरून रंगांची लाट डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली. गर्ट्रूड आंटींना त्यात निळा दिसला, मॅक्सवेलला लाल. आर्थर अंकलना निहारने समजावलं की सगळे रंग मिळून पांढराच होतो, आणि शाळेत हे शिकल्याचं त्यांना आठवलं. त्या दुपारी समितीचं पहिल्यांदाच एकमत झालं. शेरॉन म्हणाली की या रंगांत अक्षरं वाचता येत नाहीत, बटणंही ताशासारखी वाजतात. मॅक्सवेलने तिच्या पाठीवर थोपटलं. "सवय होईल."

रंग थांबवता येतात असं निहारने सांगितलं. कसे, ते खोक्यातल्या कागदावर होतं. कागद चिनी भाषेत होता.

शेरॉनने मार्ग काढला. जागरणाच्या संध्याकाळी तिने कीबोर्डवर वेदीचं जुनं जाड कापड घडी करून टाकलं. मेणबत्ती आत आल्यावर ते काढायचं, असं तिने फादरना सांगितलं होतं. फादर बरं म्हणाले होते.

पुढे काय झालं ते पहिल्या बाकावरून दिसलं. दिवे गेले. मॅक्सवेल बाकावर चुळबुळत होता. कीबोर्ड चालतोय की नाही, याची खात्री करायला तो उठला, काळोखात दोन पावलं पुढे आला आणि त्याने कापडाचं टोक धरून वर उचललं. शेरॉन कुजबुजली, "अंकल, नको." कापड त्याच्या हातात राहिलं. तो परत बाकावर जाऊन बसला तेव्हा देऊळ देवाला धन्यवाद देत होतं.

बाकी जागरण नीट पार पडलं. शेरॉनने रंगीबेरंगी उजेडात, डोळे बारीक करून, सगळी स्तोत्रं टाइप केली. घोडा घोडाच राहिला. एकही अक्षर चुकलं नाही. याचा उल्लेख नंतर कोणी केला नाही.

ईस्टरच्या रविवारी मिस्साच्या उपासनेनंतर समिती बसली. मेणबत्तीच्या आधी उजेड झाला ही गंभीर गोष्ट आहे, असं मॅक्सवेल म्हणाला. कीबोर्ड ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. आर्थर अंकल म्हणाले की पडदा आला तेव्हापासूनच असल्या भानगडी सुरू झाल्या. फादरनी दोन्ही बाजू समजून घेतल्याचं सांगितलं. दुसरी बाजू तिथे नव्हती, शेरॉनला बोलावलं नव्हतं. पडद्याचं काम गेविनकडे द्यायचं ठरलं. लॅपटॉप धर्मग्रामाचा असला तरी पासवर्ड शेरॉनचा आहे हे गेविनने तो उघडून पाहिल्यावर लक्षात आलं.

सोमवारी गर्ट्रूड आंटी शेरॉनच्या घरी गेल्या. ईस्टरची अंडी घेऊन गेल्या.

"बाय, तो पासवर्ड सांग हां. रविवारी पोरांचं प्रथम कम्युनियन हाय."

"सांगते. आंटी, कापड कोणी उचललं?"

"कुठलं कापड?"

"तुम्ही अंकलच्या बाजूलाच होता."

"काळोख होता गो. काय दिसतंय काळोखात?"

"सात रंगांचा काळोख, आंटी?"

गर्ट्रूड आंटींनी अंड्यांचा डबा टेबलावर ठेवला, परत उचलला आणि परत ठेवला. "तुझ्या अंकलना बीपी हाय," त्या म्हणाल्या.

"मी पासवर्ड देते. तुम्ही समितीत एवढंच सांगा. जे बघितलं तेवढंच."

"बघू," आंटी म्हणाल्या आणि चहा न घेता निघाल्या.

मंगळवारी आर्थर अंकलनी गेविनला निरोप दिला की गाणी ते त्या वेळी सांगतील. गेविनने उलट विचारलं की लिस्ट व्हॉट्सॲपवर मिळेल का. बुधवारी दुपारी आर्थर अंकलनी ती पाठवली.

शेरॉनने बुधवारी संध्याकाळपर्यंत पासवर्ड दिलेला नाही. गर्ट्रूड आंटी समितीत काही बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. पुढची बैठक शनिवारी आहे.